ऊसतोड कामगार

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांसाठी ऊस तोडून, मोळ्या बांधून, वाहनात भरून देणारा हंगामी स्थलांतरित मजूर. बहुसंख्य कामगार बीड, अहिल्यानगर, जालना या पर्जन्यछायेतील जिल्ह्यांतून येतात. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. परततात उन्हाळ्याच्या तोंडावर.

भरती मुकादमामार्फत होते. हंगामाआधी तो ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम देतो, ती लग्न, आजारपण किंवा जुने देणे यांत संपते आणि मग तोडणीतून फेडावी लागते. फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही तोच मुकादम. मजुराला बांधून ठेवणारी खरी दोरी हीच. नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ धरली जाते. बाईच्या कष्टाचा वेगळा हिशेब नसतो, मात्र खाडा झाला की दंड कापला जातो. गाडी रात्री दोनला आली तरी मोळी डोक्यावर घेऊन, फळीवरून तोल सांभाळत चढावे लागते. मुक्काम पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत. तिथे ना संडास, ना न्हाणी.

मासिक पाळीमुळे होणाऱ्या खाड्याच्या धास्तीने अनेक स्त्रियांनी तरुणपणीच गर्भाशय काढून घेतल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. मुलांसाठी साखरशाळा, हंगामी वसतिगृहे असे उपाय झाले. ऊसतोड कामगारांचे नेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळही आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. दर टनावर ठरतो, दिवसावर नव्हे.