७. जगलेला देह
फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँती (१९०८–१९६१) यांची संकल्पना. मुख्य ग्रंथ १९४५ चा. सतराव्या शतकात देकार्तने मन आणि शरीर वेगळे काढून शरीराला यंत्राच्या पंगतीत बसवले. मेर्लो-पाँतींच्या मते देह हे मनाचे वाहन नव्हे; जग कळते तेच देहातून. दिंद्रुड (ता. माजलगाव, जि. बीड) परिसरातून ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराचा कोयता उसाच्या बुडख्याशी नेमका पडतो, तो अंतर मोजून नव्हे. हे ज्ञान हाताचे असते. मात्र या मजुरांच्या स्थितीला मिशेल फूको (१९२६–१९८४) अधिक लागू पडतो. सत्ता देहाला शिस्त लावते, त्याचा हिशेब ठेवते, हे त्याने १९७५ मध्ये मांडले. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल आधीच घेतलेली, आणि कामावर न गेल्यास ‘खाडा’ म्हणजे दंड. पाळी, गरोदरपण, दुखणे यांना त्या हिशेबात जागा नसते. राज्य शासनाच्या समितीपुढे २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.