आखाडी आवस आणि रामदास बोट

आखाडातल्या आवसेला आमच्या अलिबागकडे घरोघर वडे आणि मटण. आमच्या घरी मात्र त्या दिवशी वरणभात आणि पोह्याचा पापड, बस. आम्ही पोरं कुरकुरलो की आजी एवढंच म्हणे, "आवसेच्या पायीच रामदास भरली होती रे."

आजीचा थोरला भाऊ मुंबईत गिरणीत होता, राहायला लालबागला. येताना खारी बिस्किटांचा डबा आणि आजीला बांगड्या आणायचा. डबा मोठा होता की आजीच्या आठवणीत मोठा झाला, कोण जाणे. आमच्याकडची माणसं तेव्हा भाऊच्या धक्क्यावर आगबोटीत चढायची आणि रेवसला उतरून पुढं टांग्यानं, नाहीतर पायी. पावसाळ्यात कोकणची लांबची बंदरं बंद असत, पण रेवसची फेरी चालू राही. जवळचंच अंतर, त्याला कोण भ्यायचं?

रामदास होतीही भरवशाची. 1936 साली विलायतेत स्वान हंटरच्या गोदीत बांधलेली. गोऱ्यांच्या शेफर्ड कंपनीशी टक्कर द्यायला स्वदेशीच्या वाऱ्यात जी कंपनी निघाली, तिची ही बोट. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे, इतकी ती आपली वाटे. बोटींना नावंही संतांची. त्यांतली तुकाराम 1927च्या नोव्हेंबरातल्या वादळात बुडाली. जयंती नावाची दुसरी बोटही त्याच दिवशी गेली. म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ही तिन्ही नावं एकात एक मिसळायची.

17 जुलै 1947च्या सकाळी आवसेसाठी घरी निघालेली माणसं घेऊन रामदास धक्क्यावरून सुटली. वाटेत वारा उठला, पाऊस आडवा झाला. एका बाजूनं लाट आत आली तशी माणसं दुसऱ्या बाजूला धावली आणि बोट कलंडली, असं आजोबा सांगायचे. काश्याच्या खडकाजवळ ती गेली. सहाशेवर माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला कितीतरी तास पत्ताच नाही. रेवसचे कोळी पापलेट घेऊन मुंबईला निघाले होते. त्यांनी ती मासळी दर्यात फेकली आणि हाताला लागतील ती माणसं मचव्यात ओढून घेतली. हे सांगताना आजोबांचा आवाज दरवेळी बसायचा.

आजीचा भाऊ त्या बोटीवर चढलाच, असं आजी म्हणे. आत्या म्हणे, तो मागच्या फेरीनं यायचा होता. घरात दोन्ही मतं शेवटपर्यंत राहिली. तो आला नाही, एवढं मात्र दोघी मान्य करायच्या.

पुढं महिनाभरात स्वातंत्र्य आलं. झेंडे लागले, साखर वाटली गेली. ज्यांच्या घरचं माणूस सापडलंही नव्हतं, त्यांनीही दारात रांगोळी काढली. त्या आनंदात आमच्या तालुक्याचं दुःख कुणी फारसं विचारलंच नाही, आणि मला याची आजही हळहळ वाटते.

तुमच्या घरातलं कुणी रामदासवर होतं असं वडीलधारी सांगत असतील, तर त्यांच्याजवळ बसा. नाव, गाव, कुठल्या गिरणीत होता, येताना काय आणायचा, सगळं विचारा. आणि वहीत लिहून ठेवा.