येतो

गेल्या वर्षी आईचा शेंगेन व्हिसा नाकारला गेला. 10 दिवसांची सहल, परतीचं तिकीट, पेन्शनचे कागद, सगळं जोडलं होतं. छापील उत्तर आलं: परत जाण्याच्या हेतूबद्दल खात्री पटत नाही. आई म्हणाली, "घर इथं आहे, मी तिकडं राहून काय करू?"

तेव्हा मी भारतीयांच्या परदेशवारीचा इतिहास वाचायला घेतला. कळलं ते असं, की हा संशय जुनाच आहे. फक्त संशय घेणारा बदललाय.

1967पर्यंत पासपोर्ट ही सरकारची मर्जी होती. सतवंत सिंग साहनी या मोटारीच्या सुट्या भागांच्या व्यावसायिकाकडून सरकारने पासपोर्ट परत मागितला. तो सुप्रीम कोर्टात गेला. 10 एप्रिल 1967ला 3 विरुद्ध 2 असा निकाल लागला: परदेशी जाणं हा कलम 21मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. जूनमध्ये पासपोर्ट कायदा आला.

हक्क मिळाला, पण पैसे? तेल आणि यंत्रं आणायलाच डॉलर पुरत नव्हते. तिकिटाआधी रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' लागायचा. खिशात 8 डॉलर घेऊन निघालेल्यांचे किस्से त्याच काळातले. गंमत बघा, शिकायला किंवा नोकरीला कायमचं जाणाऱ्याचा खर्च तिकडचं विद्यापीठ किंवा कंपनी करायची. फिरून परत येणाऱ्याला मात्र कुणीच नव्हतं. नियमांनी गळा आवळला तो सहलीचा.

1991मध्ये देशाने सुमारे 47 टन सोनं परदेशात गहाण ठेवलं. त्या वर्षी साधारण 19 लाख भारतीय बाहेर गेले आणि 17 लाख परदेशी पर्यटक आले. पुढे चलनाचे नियम सैल झाले. 2004पासून कुणालाही वर्षाला 25 हजार डॉलर बाहेर नेता येऊ लागले. आज ही मर्यादा अडीच लाख आहे. 2019मध्ये, कामगार आणि विद्यार्थी धरून, 2.69 कोटी भारतीय बाहेर गेले. आलेले परदेशी पर्यटक 1.09 कोटी.

पूर्वी आपलं सरकार विचारायचं, डॉलर कुठून आणणार? आता दुसरं सरकार विचारतं, परत जाणार ना? आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. ते फॉर्मवर कुठं लिहायचं?

आई पुन्हा अर्ज करणार आहे. परवा विचारत होती, "गावच्या जमिनीचा सातबारा जोडू का रे?"