पांबनचे ४६ दिवस

चेन्नईच्या सेंट्रल स्थानकाशेजारी, पार्क टाउन भागात, घुमट आणि मनोरे मिरविणारी एक भव्य दगडी इमारत उभी आहे. डिसेंबर १९२२ मध्ये ती उभी राहिली तेव्हा तिच्यात ज्या कंपनीचा कारभार सुरू झाला तिचे नाव ऐकून मराठी माणसाचे कान टवकारल्यावाचून राहणार नाहीत. ते नाव होते ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’. पुण्याहून मिरज-बेळगाववरून लोंढ्याकडे जाणारा लोहमार्ग ज्या कंपनीने बांधला ती सदर्न मराठा रेल्वे १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी एकजीव झाली आणि बेळगाव-धारवाडच्या गाड्यांचा हिशेब मद्रासेत होऊ लागला. पुढे १४ एप्रिल १९५१ रोजी ही कंपनी, साऊथ इंडियन रेल्वे आणि म्हैसूर संस्थानची रेल्वे मिळून दक्षिण रेल्वे निर्माण झाली, आणि याच इमारतीत तिचे मुख्यालय आले.

रेल्वेच्या मुख्यालयात दोन प्रकारची वेळापत्रके तयार होत असतात. एक गाड्यांचे. ते रोज पाळले जाते आणि रोज सुधारता येते. आज गाडी उशिरा आली, उद्या वेळेवर आणता येते. दुसरे वेळापत्रक बांधकामाचे. पूल एकदाच बांधावयाचा असतो. बोगदा एकदाच खणावयाचा असतो. तेथे गेलेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढण्याची सोय नसते. हे दुसरे वेळापत्रक आखणे आणि ताब्यात ठेवणे म्हणजे नेमके काय, याचा एक धडा डिसेंबर १९६४ मध्ये दक्षिण रेल्वेला समुद्राने दिला.

रामेश्वर हे बेट आहे. मुख्य भूमीवरील मंडपम आणि बेटावरील पांबन यांच्यामधल्या उथळ खाडीवर २४ फेब्रुवारी १९१४ रोजी रेल्वेचा पूल खुला झाला. लांबी दोन किलोमीटरहून थोडी अधिक. सुमारे बारा मीटर रुंदीचे १४५ गाळे. आणि मध्ये जहाजांना वाट देण्यासाठी वर उचलला जाणारा एक मोठा गाळा. तो माणसे हातांनी यंत्र फिरवून उघडीत. या पुलावरून मद्रासची ‘बोट मेल’ धनुष्कोडीपर्यंत जाई. तेथून प्रवासी आगबोटीने सिंहलद्वीपातील तलाईमन्नारला उतरत आणि पुन्हा गाडीने कोलंबो गाठीत. महाराष्ट्रातील यात्रेकरूंनाही हाच मार्ग. गंगेची कावड रामेश्वराला घालण्याचा संकल्प आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आला. नाथांच्या चरित्रातील तहानेल्या गाढवाची कथा त्या कावडीचीच. ती वाट विसाव्या शतकात या १४५ गाळ्यांवरून जाऊ लागली.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ रामेश्वरावर येऊन धडकले. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडीजवळ पोहोचली असता समुद्राची प्रचंड लाट तिच्यावर कोसळली. गाडीतील शंभराहून अधिक जीवांपैकी कोणीही वाचले नाही. धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त झाले. आणि पांबनच्या पुलावरील १४५ पैकी १२६ गर्डर समुद्रात गेले. उचलला जाणारा मधला गाळा मात्र फारसे नुकसान न होता वाचला. खांबही बहुतांशी उभे होते. परंतु खांबांवरून गाडी चालत नाही. एक गाळा रिकामा असला तरी पूल तुटलेलाच, आणि येथे १२६ रिकामे होते.

दुरुस्तीला रेल्वेने सहा महिन्यांची मुदत ठरविली. दक्षिण रेल्वेच्या वरिष्ठांनी ती निम्म्यावर, म्हणजे तीन महिन्यांवर आणली. प्रत्यक्ष कामाची जबाबदारी ज्या अभियंत्याकडे आली ते इ. श्रीधरन तेव्हा ३२ वर्षांचे होते. त्यांनी पूल ४६ दिवसांत पुन्हा चालू करून दाखविला. त्या वेळी रेल्वेमंत्रिपदावर मुंबईचे स. का. पाटील होते, रेल्वेमंत्र्यांच्या पारितोषिकाने या कामगिरीचा गौरव झाला.

ही कथा पुष्कळदा सांगितली जाते. पण तिचे तात्पर्य बहुधा ‘जिद्द असेल तर काय अशक्य आहे’ एवढेच काढले जाते. जिद्द होती यात शंका नाही. तथापि थोडे गणित करून पाहिले तर निराळीच गोष्ट ध्यानात येते. १२६ गर्डर सहा महिन्यांत बसवावयाचे तर दहा दिवसांत सात गर्डर बसले पाहिजेत. तीन महिन्यांत आटोपायचे तर दहा दिवसांत चौदा. आणि ४६ दिवसांत संपवायचे तर दहा दिवसांत सत्तावीस, म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन. माणसे तीच, समुद्र तोच, ऋतू तोच. केवळ ओरडून किंवा रात्रपाळ्या वाढवून कामाचा वेग चौपट होत नसतो. तो चौपट होतो तेव्हा कामाची जातच बदललेली असते.

पांबनला नेमके हेच घडले. नवे गर्डर घडवावयाचे म्हणजे पोलाद मिळवा, कारखान्यात काम लावा, मालगाड्यांनी ते मंडपमला आणा. यांतले प्रत्येक पाऊल मागच्या पावलावर अवलंबून. आणि खाडीवरचे कामगार कितीही तत्पर असले तरी गर्डर येईपर्यंत त्यांना हात जोडून बसावे लागणार. महिने लागत होते ते गर्डर बसविण्याला नव्हे, तर ते मिळविण्याला. जुने गर्डर तर समोरच होते, समुद्राच्या तळाशी. ते शोधून, वर काढून पुन्हा खांबांवर चढविण्याचा मार्ग पत्करला गेला आणि सगळ्या वेळापत्रकाचा सर्वांत लांब धागाच तुटला. पहिले गर्डर चढविताना साहजिकच वेळ लागतो. हात बसला की पुढचे भराभर चढतात, कारण प्रत्येक गाळा मागच्या गाळ्यासारखाच असतो.

योगायोग असा की याच सुमारास जगात या विचाराला शास्त्राचे रूप येत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने कामांचे आडवे पट्टे तारखांच्या कागदावर काढण्याची रीत रूढ केली होती. कोणते काम कधी सुरू व्हायचे आणि कधी संपायचे हे त्या तक्त्यात एका दृष्टिक्षेपात दिसे. परंतु कोणते काम कोणामुळे अडले आहे, हे दिसत नसे. १९५७ च्या सुमारास ड्यू पाँ या रासायनिक कंपनीत आणि १९५८ मध्ये अमेरिकन आरमाराच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामात ती उणीव दूर झाली. कामांचे जाळे काढावयाचे, प्रत्येकाला लागणारे दिवस लिहावयाचे आणि आरंभापासून शेवटापर्यंतची सर्वांत लांब वाट शोधावयाची. तिलाच ‘क्रिटिकल पाथ’ असे नाव मिळाले. त्या वाटेवरील काम एक दिवस लांबले तर सारा प्रकल्प एक दिवस लांबतो. त्या वाटेबाहेरचे काम थोडे मागेपुढे झाले तरी बिघडत नाही.

हे शास्त्र परदेशी वाटले तरी आपल्या घरात ते अपरिचित नाही. लग्नघरात आधी मुहूर्त ठरतो आणि मग सगळे दिवस उलटे मोजले जातात. मुहूर्त अकरा वाजून अमुक मिनिटांचा असेल तर वऱ्हाड आदल्या संध्याकाळी यायला हवे. त्याआधी मांडव हवा. त्याआधी पत्रिका जायला हव्यात. रांगोळीला तासभर उशीर झाला तर कोणाचे अडत नाही. पण भटजींची बैलगाडी ओढ्याच्या पुरात अडली की मांडवातले सारे जण मुकाट्याने रस्त्याकडे पाहात बसतात. घरची जाणती आजी रांगोळीवरून रागावत नाही. ती आदल्या दिवशीच ओढ्याला पाणी किती आहे याची चौकशी करते. नियोजनाचे मर्म त्या चौकशीत आहे.

श्रीधरन पांबनहून पुढे गेले ते हा धडा घेऊनच. १९९० मध्ये कोकण रेल्वेची धुरा त्यांच्याकडे आली. नाथ पै, मधु दंडवते यांच्यासारख्यांनी ज्या मार्गासाठी आयुष्यभर पाठपुरावा केला तो रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरचा. नव्वदीवर बोगदे, आणि लहानमोठे पूल दोन हजारांच्या घरात. तो पाच वर्षांत पुरा करण्याचा संकल्प सोडला गेला. या कामात, आणि पुढे दिल्ली मेट्रोच्या कामात, त्यांनी ‘उलटे घड्याळ’ बसविले. त्यावर किती वाजले हे दिसत नसे; काम संपायला किती दिवस उरले, हे दिसे. कामावर येणारा प्रत्येक जण रोज सकाळी आदल्या दिवसापेक्षा एकाने लहान झालेला आकडा पाही. मांडवातली मुहूर्ताची मोजदाद अशा रीतीने बांधकामाच्या भिंतीवर आली.

तरीही कोकण रेल्वे पाच वर्षांत झाली नाही. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून वाद उठला आणि तेथले काम काही काळ थांबले. आणि पेडण्याच्या बोगद्याने सर्वांत अधिक सत्त्व पाहिले. सह्याद्रीचा कातळ कठीण, पण भरवशाचा; सुरुंग लावला की तो हटतो आणि हटलेला तसाच राहतो. पेडण्याची माती ओली आणि मऊ होती. खणलेले पुन्हा ढासळत होते. साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा पार पडला, आणि त्याच्या चतुर्थांशाएवढ्या लांबीचा पेडण्याचा बोगदा मात्र साऱ्या मार्गाला खोळंबवून राहिला. रोह्याकडून आणि मंगळूरकडून तयार झालेले तुकडे टप्प्याटप्प्याने वाहतुकीला खुले होत गेले. पण मुंबईची गाडी सरळ मंगळूरला जाण्यासाठी त्या मातीची संमती लागली. लांबी अधिक म्हणून वेळ अधिक लागतो, हा समज तेथे खोटा ठरला.

म्हणूनच ४६ दिवसांचा आकडा इतर कामांच्या पाठीवर आसूडासारखा ओढणे अन्यायाचे होईल. पांबनचा नवा पूल याची साक्ष देतो. जुना पूल शतक उलटून थकला आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरील गाड्या थांबल्या. त्याच्या शेजारचा, उभा सरळ वर उचलला जाणारा ७२.५ मीटरचा गाळा असलेला नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी खुला झाला. मधल्या सव्वादोन वर्षांत रामेश्वराला गाडी पोहोचत नव्हती. ‘तेव्हा ४६ दिवस पुरले, आता एवढी वर्षे का?’ असा प्रश्न सहज सुचतो. परंतु १९६४ मध्ये खांब उभे होते आणि गर्डर हाताशी होते. नव्या पुलाला समुद्रातला पायाच नव्याने घालावयाचा होता. दोन वेळापत्रकांची तुलना करण्यापूर्वी दोन कामांची तुलना करावी लागते.

खुद्द चेन्नईतच याची दुसरी बाजूही पाहावयास मिळते. वेलाचेरीपासून सेंट थॉमस माउंटपर्यंत उन्नत रेल्वे नेण्याचे काम २००८ च्या सुमारास हाती घेतले गेले. अंतर जेमतेम पाच किलोमीटर. त्यातल्या सुमारे अर्ध्या किलोमीटरच्या जमिनीचा वाद न्यायालयात गेला आणि पुरे झालेले खांब व स्थानके दशकाहून अधिक काळ त्या अर्ध्या किलोमीटरची वाट पाहात राहिली. जमीन गमावणाऱ्या घरांना न्याय मागण्याचा अधिकार आहेच. त्यांना दोष देता येत नाही. प्रश्न एवढाच की सर्वांत लांब धागा काँक्रीटचा नसून जमिनीचा आहे, हे पहिला खांब उभारण्याआधी कागदावर आले होते काय? कोकणात चाळीस हजारांहून अधिक जमीनधारकांशी व्यवहार करावा लागला, आणि ते काम आरंभीच हाती घेतले गेले.

१९६४ च्या वादळानंतरचा आणखी एक निर्णय सहसा कोणी सांगत नाही. पांबनचा पूल ४६ दिवसांत जोडला गेला. पण पांबनपासून धनुष्कोडीपर्यंतचा लोहमार्ग पुन्हा बांधला गेला नाही. ती भूमी वस्तीला अयोग्य ठरली. रामेश्वराची वाट तातडीने उघडावयाची आणि धनुष्कोडीची कायमची सोडून द्यावयाची, हे दोन्ही त्याच वादळाचे हिशेब. काय आधी करावयाचे हे ठरविणाऱ्याला काय करावयाचेच नाही हेही ठरवावे लागते, आणि त्या ठरविण्यात अनेकांचे गाव, घर आणि आठवणी असतात.

धनुष्कोडीच्या वाळूत आजही जुन्या स्थानकाच्या आणि चर्चच्या भिंती उभ्या आहेत. रामेश्वराची यात्रा करून मराठी यात्रेकरू तेथवर जातात, सेतूच्या स्थानी समुद्राला हात जोडतात आणि परततात. परतताना त्यांची गाडी नव्या पुलावरून जाते तेव्हा शेजारी जुन्या पुलाची ओळ दिसते. त्यातल्या १२६ गाळ्यांखाली एके काळी नुसते पाणी होते. ते कसे भरले गेले हे तेथे कोठे लिहिलेले दिसत नाही. पण खिडकीतून एकेक गाळा मागे पडत असता कोणी मोजू लागला, तर दिवसाला जवळजवळ तीन म्हणजे किती, हे त्याला आपोआप उमगेल.