आधी दिवे बघ! : विद्यानगरातली संगणक-दुरुस्ती

संगणकाचा इतिहास म्हटला की कोणी काय शोधले आणि कोणत्या कंपनीने किती कमावले, एवढेच आपल्यापुढे येते. बिघडलेले यंत्र चालू कोणी केले, याचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. माझे मत असे, की आपल्या देशात संगणक रुजला तो निर्मात्यांइतकाच दुरुस्ती करणाऱ्यांमुळे. हे मत पुस्तके वाचून झाले असले, तरी पक्के झाले ते हैदराबादच्या विद्यानगरात, मावशीच्या घरी.

काचीगुड्याहून सिकंदराबादकडे लोकल निघाली की पहिले स्थानक विद्यानगर. पलीकडे उस्मानिया विद्यापीठ. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्याची मुले शिकायला इथेच येत. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पण हैदराबादेत स्थिरावलेली मराठी घरे तिथेच राहिली. काकांचे, म्हणजे मावशीच्या यजमानांचे, घर त्यांपैकीच. या तपशिलाचे काम पुढे पडणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

आता मूळ विषय. आयबीएम ही अमेरिकन कंपनी स्वतंत्र भारतात अनेक वर्षे संगणक देत होती. देत होती म्हणजे बव्हंशी भाड्याने! परदेशात वापरून झालेली १४०१ सारखी यंत्रे इथे आणून, नीट करून, ती भाड्याने दिली जात. मालकी कंपनीची, दुरुस्ती कंपनीची, आणि आत काय आहे हे ठाऊकही कंपनीलाच. पुढे १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना भारतातला आपला भांडवली वाटा ४० टक्क्यांवर आणणे भाग पडले. जनता सरकारात उद्योगमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. कोकण रेल्वेमुळे आपल्याकडे घराघरात ठाऊक झालेले तेच. कंपनीने अट मान्य केली नाही आणि १९७८ साली गाशा गुंडाळला.

कंपनी गेली, पण यंत्रे इथेच होती. कारखान्यांचे पगार, विद्यापीठांची गणिते त्यांच्यावर चालत होती. ती सांभाळणार कोण? यासाठी सरकारने १९७५ च्या अखेरीस एक महामंडळ स्थापून ठेवले होते : कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. नाव बघा, 'मेंटेनन्स', म्हणजे देखभाल! आयबीएम गेल्यावर देशभरातल्या ८०० हून अधिक ठिकाणची यंत्रे या महामंडळाच्या अभियंत्यांनी हाती घेतली, आणि हळूहळू इतर परदेशी कंपन्यांचीही. एकाच कंपनीचे यंत्र जाणणारा माणूस इथे पुरा पडत नसे. कोणतेही यंत्र समोर आले तरी बिघाड कुठल्या थरात आहे, हे शोधण्याची पद्धत लागे. पुढे सीएमसी या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थेचे संशोधन केंद्र १९८२ साली सिकंदराबादेत सुरू झाले. त्याआधीच, १९६७ साली, हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली होती आणि १९६९ साली तिने टीडीसी-१२ हा संगणक तयार केला होता. यंत्र उघडून बघणाऱ्या माणसांची एक पिढी या शहरात अशी तयार झाली. (सीएमसी नंतर टाटांकडे गेली आणि २०१५ साली टीसीएसमध्ये विलीन झाली. असो.)

तिकडे अमेरिकेत याच सुमाराला उलटा अनुभव येत होता. एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर होता. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना संदेश जाईल, अशी सोय त्याने स्वतः केली होती. नवा झेरॉक्सचा प्रिंटर आला, त्याचाही कागद अडकू लागला, पण त्याचा मूळ प्रोग्रॅम बघायला मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्याने द्यायला नकार दिला. साधी कागद अडकल्याची तक्रार, पण त्यातून स्टॉलमनने निष्कर्ष काढला, की जे उघडता येत नाही ते आपले नव्हेच. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला : युनिक्ससारखी, पण कोणालाही उघडून बदलता येईल अशी प्रणाली. युनिक्स ही १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलेली. १९७३ साली ती 'सी' भाषेत नव्याने लिहिली गेली, म्हणून ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येई. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने तिच्या धर्तीवर गाभा लिहिला आणि लिनक्स आकाराला आले.

आपल्याकडे ते घराघरात आले मासिकांच्या सीडींमधून. 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर १९९० च्या दशकात लिनक्सच्या सीडी मिळू लागल्या. माझ्या मावसभावाने, आम्ही त्याला दादा म्हणतो, सिकंदराबादच्या पार्कलेन भागातल्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून सुटे भाग आणून संगणक जोडला आणि त्यात हे लिनक्स घातले. मग सुरू झाली बिघाडांची मालिका. गंमत म्हणजे त्याने त्यांची एक वही ठेवली होती. डावीकडे तारीख आणि लक्षण, उजवीकडे कारण आणि उपाय. आमच्या कचेरीतल्या आवक-जावक रजिस्टरांपेक्षा ती वही कितीतरी व्यवस्थित होती, हे नमूद केलेच पाहिजे.

त्या वहीतली एक नोंद मला फार आवडली. तेव्हा लिनक्स सुरू करून देणारा 'लिलो' नावाचा छोटा प्रोग्रॅम असे. संगणक चालू केला की पडद्यावर त्याच्या नावाची चार इंग्रजी अक्षरे एकेक करून उमटत, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक टप्पा पार. एल-आय एवढेच उमटून यंत्र थिजले, तर समजायचे की प्रोग्रॅमचा दुसरा भाग डिस्कवरून वाचला गेला पण चालवता आला नाही. सहसा डिस्कच्या मोजमापात गफलत, किंवा फाइल जागेवरून हललेली. मग बचाव-फ्लॉपीने यंत्र उठवायचे आणि लिलो पुन्हा बसवायचा. म्हणजे मरता मरतासुद्धा यंत्र आपण कुठे अडलो ते सांगून जात होते! बिघाड लपवायचा नाही, हा युनिक्स घराण्याचा स्वभावच. काय काय घडले ते यंत्र लॉगमध्ये ओळीने लिहून ठेवते, वाचणारा हवा.

मोडेमचे दुखणे वेगळे. तेव्हा स्वस्तात मिळणारे संगणकाच्या आतले मोडेम अर्धेच मोडेम होते. उरलेले काम विंडोजमधल्या प्रोग्रॅमकडून करून घेतले जाई, त्यामुळे लिनक्समध्ये ते मुके. इथे प्रोग्रॅमशी झटापट करून उपयोग नव्हता. दादाने सरळ बाहेरून जोडायचे मोडेम आणले.

पुढे ब्रॉडबँड आले तरी नेट बंद पडायचेच. नेट कंपनीला फोन केला की पलीकडचा माणूस "स्टार्ट बटन दाबा" म्हणायचा, आणि इथे ते बटनच नाही! लिनक्स म्हटल्याबरोबर "मग आमच्याकडे उपाय नाही" असे उत्तर. दादाची पद्धत मात्र ठरलेली. मी एकदा सुटीत गेलो असताना असेच झाले. मी खुर्चीवर बसतो न बसतो तोच तो आतून ओरडला, "आधी दिवे बघ!" मोडेमवरचा लाइनचा दिवा स्थिर असेल तर तार ठीक. मग 'पिंग' ही आज्ञा देऊन आधी स्वतःच्याच यंत्राला हाक मारायची, मग घरातल्या राउटरला, मग बाहेरच्या एखाद्या यंत्राला त्याच्या क्रमांकाने, आणि शेवटी नावाने. जिथून उत्तर येणे थांबले, तिथे बिघाड. त्या दिवशी क्रमांकाला उत्तर येत होते, नावाला नाही. म्हणजे रस्ता मोकळा, पण घराचा पत्ता सांगणारा गप्प. नावावरून क्रमांक सांगणाऱ्या सर्व्हरचा पत्ता एका दोन-तीन ओळींच्या फाइलमध्ये असतो. तो बदलला, आणि नेट सुरू. आतून बाहेर, एकेक थर तपासत जायचे ही पद्धत मोठमोठ्या यंत्रांच्या अभियंत्यांचीच. आता ती विद्यानगरातल्या एका दिवाणखान्यात आली होती.

आमच्या गोव्यातही याच काळात असे एक काम झाले. परदेशस्थ गोंयकारांनी तिकडचे वापरलेले संगणक जमवून गोव्यातल्या शाळांना पाठवले आणि त्यांवर लिनक्स चालवले गेले. आयबीएमनेही जुनीच यंत्रे आणली होती. पण ती उघडायचा अधिकार भाडेकरूला नव्हता, शाळेच्या मास्तरांना मात्र तो होता. माझ्या लेखी हा फरक यंत्राच्या वयापेक्षा फार मोठा आहे.

मात्र काकांना यातल्या कशातच रस नव्हता. त्यांना मराठी वाचायचे होते. हैदराबादेत मराठी वर्तमानपत्रे उशिरा पोचत, इंटरनेटवर मात्र ती सकाळीच दिसत. दिसत म्हणजे विंडोजवर. प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट वेगळा, आणि तो आपोआप उतरवण्याची सोय लिनक्सवर चालत नसे. काकांपुढे नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी. दादा एकेक फाँट शोधून योग्य कप्प्यात टाकायचा, तेव्हा कुठे अग्रलेख वाचता यायचा. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरी होती, पण अक्षरे साठवणे वेगळे आणि जुळवून दाखवणे वेगळे. 'किती' मधली पहिली वेलांटी 'क' च्या पुढे पडे, जोडाक्षरांचे पाय मोडत. ती जुळणी करणारे प्रोग्रॅम हळूहळू सुधारले. २००४ साली रेड हॅटने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून करवून घेतलेले 'लोहित' फाँट सर्वांसाठी खुले केले, आणि लिनक्सवरचे चित्र पालटले.

मग काकाच टंकलेखन करू लागले. एकदा त्यांच्या मंडळाच्या अहवालात "जेवणावळीच्या आचार्यांना मानधन" असे उमटले, आणि एका गुरुजींनी आपले मानधन कुठे आहे म्हणून विचारले! आचाऱ्यांचे आचार्य झाले होते. दोष यंत्राचा नव्हता. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'जे' ची कळ दाबली की साधा 'र' येतो, त्याचा रफार होतो. आचाऱ्यांसाठी शिफ्ट धरून 'जे' दाबायला हवा, म्हणजे मराठीचा खास 'ऱ' येतो. तसे केले तर जुन्या फाँटात 'ऱ' चा पाय मोडलेला दिसे. फाँट बदलल्यावर तो सरळ झाला. वहीत डावीकडे "लक्षण : गुरुजी नाराज" अशी नोंद काकांनी स्वतःच्या हाताने केली आहे.