माजघरातली शेती

शेती कुणी शिकवली, असं गटात विचारलं की सासूचं नाव निघतं. बियाणं राखेत घोळून ठेवणं तिनंच शिकवलं. हिशेब अन् बाजारभाव मात्र गड्यांकडेच राहिले.

१९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं. मग लक्ष्मीमुक्ती आली. काही घरांनी जमीन बाईच्या नावावर केली. त्यानंतर शरद जोशींनी माजघर शेती मांडली. म्हणजे माल तसाच बाजारात न टाकता घरातच निवडून, वाळवून, दळून विकायचा. हे काम तर आपलंच की! पण मालाला दाम कोण ठरवतं? आमच्या गटात हळद दळतात, त्या घरांतली विक्रीची वही आता सुना लिहितात. भाव ठरवायला अजून नवऱ्यालाच विचारतात.