सांधे वाढले, तपासणी वाढली

मोटोक्रॉस म्हणजे चिखलमातीच्या, चढउतारांच्या वाटेवरील मोटरसायकल शर्यत. या गाडीचे मागचे चाक अधांतरी ठेवून मेकॅनिक ते हलकेच उचलून पाहतो. तो काय शोधत असतो? उत्तर या गाडीच्या इतिहासात आहे.

1960 च्या दशकात मागील चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक शॉक अ‍ॅबसॉर्बर असे आणि चाक वरखाली जेमतेम 10 सेंटिमीटर सरके. उंच उडीनंतर तेवढे अंतर अपुरे पडे. बेल्जियमचे अभियंते लुसियाँ तिल्केन्स यांनी एकच लांब शॉक टाकीखाली बसवण्याची रचना मांडली. यामाहाने ती स्वीकारली आणि 1973 मध्ये तशा गाडीवर स्वीडनचा हाकान आंदरसन 250 सीसी गटात जगज्जेता ठरला.

1980 च्या सुमारास कावासाकी, होंडा व सुझुकी यांनी स्विंगआर्म (गॅरेजच्या भाषेत चिमटा) आणि शॉक यांच्यामध्ये तरफा घातल्या. उद्देश असा, की लहान खड्ड्यात चाक सहज वर जावे. पण जसजसे ते आणखी वर जाईल तसतसा विरोध वाढत जावा. चाकाचा प्रवास तोवर 30 सेंटिमीटरच्या घरात पोहोचला होता.

या सोयीची किंमत म्हणजे वाढलेले सांधे. प्रत्येक सांध्यात सुईसारख्या बारीक रोलरांचे बेअरिंग असते. ते पूर्ण फिरत नाही, थोडेसेच मागेपुढे होते. त्यामुळे तेच रोलर त्याच जागी दाबले जातात आणि ग्रीस सगळीकडे पसरत नाही. त्यात सीलमधून चिखलपाणी शिरले की गंज चढतो, खाचा पडतात आणि सांधा सैल होतो. सैल सांध्यात प्रत्येक धक्का हातोडीसारखा बसतो, म्हणून झीज आणखी वेगाने वाढते. भर वेगात गाडीचा मागचा भाग डोलू लागला, तर प्रश्न चालकाच्या सुरक्षिततेचा होतो.

सुदैवाने ढिलेपणा वाढवून दाखवण्याचे काम तरफच करते. चाक 30 सेंटिमीटर सरकते तेव्हा शॉक साधारण 12–13 सेंटिमीटर दाबला जातो. म्हणजे शॉकच्या बोल्टपाशी 1 मिलिमीटर ढिलेपणा असेल, तर चाकापाशी तो दोन-अडीच मिलिमीटर जाणवतो. चाक उचलताना स्प्रिंगचा विरोध सुरू होण्याआधी जी मोकळी हालचाल होते, ती सांध्यांतील झीज. दुसऱ्या हाताची बोटे एकेका सांध्यावर ठेवली की दोषी सांधा सापडतो. आडवा ढिलेपणा पाहताना मात्र चाकाऐवजी चिमट्याचे टोक धरावे. नाहीतर चाकाच्या बेअरिंगचा दोष चिमट्याच्या माथी बसतो.

केटीएम कंपनीने 1998 मध्ये या तरफा काढून टाकल्या. सांधे कमी, झीजही कमी. तरीही 2011 पासून तिच्या मोटोक्रॉस गाड्यांत तरफा परत आल्या. वाढत्या विरोधाचा फायदा देखभालीच्या त्रासाहून मोठा ठरला.

वर्गात हे सहज दाखवता येईल. पुठ्ठ्याची 30 सेंटिमीटर लांब पट्टी एका टोकाला टाचणीने फळीवर घट्ट टोचा. तेथून 10 सेंटिमीटरवर खिळ्यापेक्षा 1 मिलिमीटर मोठे छिद्र पाडून त्यात खिळा ठोका. आता दुसरे टोक हलवून मोजा. ते सुमारे 3 मिलिमीटर हलेल. तरफ बळाची देवघेव करते हे आपण शिकवतोच. ती ढिलेपणाही वाढवते, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या बोटांनी कळू द्यावे.